तक्रार केली खरी, पण क्रमांक घेतलात का?

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली. किंवा यूपीआयने पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत. किंवा रात्री साडेअकराला मोबाइलवर मेसेज आला आणि आपण न केलेल्या व्यवहारात अठरा हजार गेल्याचं कळलं. अशा वेळी बहुतेक जण सकाळी शाखेत जातात, काउंटरवर सांगतात, "येतील दोन-चार दिवसांत" हे उत्तर ऐकतात आणि घरी परततात. महिनाभराने पुन्हा जातात, तेव्हा त्या काउंटरवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. पहिल्या भेटीची नोंद कुठेच नसते.

बँकेच्या ग्राहकाला रिझर्व्ह बँकेने दिलेले बहुतेक सगळे हक्क दिवसांवर मोजले जातात. कुठे पाच दिवस, कुठे तीन, कुठे तीस. हे दिवस कधी सुरू झाले याचा पुरावा नसेल, तर नियम कितीही चांगला असला तरी हातात काही येत नाही. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख या दोन गोष्टी पैशाइतक्याच मोलाच्या समजा. फोन केला असेल तर क्रमांक विचारून लिहून घ्या. शाखेत अर्ज दिला असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर वाद न घालता तोच अर्ज शाखेच्या आणि बँकेच्या तक्रार निवारण विभागाच्या ईमेलवर पाठवा. पाठवलेल्या ईमेलवर तारीख आणि वेळ आपोआप उमटते, ती कुणाला नाकारता येत नाही.

सगळ्यात आधी एक फरक लक्षात घ्या, कारण इथेच पहिला घोटाळा होतो. तुम्हीच केलेला व्यवहार मध्येच फसला, हे एक प्रकरण. तुम्ही न केलेला व्यवहार खात्यात झाला, हे दुसरं. दोन्हींचे नियम वेगळे आहेत आणि दिवस मोजायची पद्धतही वेगळी आहे. अर्जात नुसतं "पैसे कट झाले" असं लिहिलं, तर बँक तो कुठल्याही कप्प्यात टाकते.

व्यवहार फसला, पैसे अडकले

यासाठी 20 सप्टेंबर 2019 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, ते 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालं. त्यात प्रत्येक प्रकारच्या फसलेल्या व्यवहारासाठी मुदत ठरवून दिली आहे. मुदत उलटली की दर दिवसाला 100 रुपये भरपाई. परिपत्रकाचं म्हणणं असं की ही भरपाई बँकेने आपणहून द्यायची, ग्राहकाने मागायची वाट बघायची नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा मागितल्याशिवाय ती मिळत नाही, म्हणून अर्जात ती स्पष्ट शब्दांत मागा.

एटीएममधून रोख आली नाही आणि खातं वजा झालं, तर व्यवहाराचा दिवस धरून नव्हे, त्यानंतरच्या पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे. रविवार, सणाची सुट्टी, सगळं यात मोजलं जातं. 3 तारखेला पैसे अडकले तर 8 तारखेपर्यंत परत यायला हवेत. 20 तारखेला आले, तर 12 दिवसांचा उशीर झाला, म्हणजे मूळ रकमेशिवाय 1,200 रुपये. अडकलेली रक्कम 500 असो की 10,000, दिवसाचे शंभर तेवढेच.

दुकानात कार्ड घासलं, खातं वजा झालं, पण दुकानदाराच्या मशीनवर पावती आली नाही, तरी हीच पाच दिवसांची मुदत. ऑनलाइन खरेदीत कार्डाने पैसे गेले आणि दुकानदाराच्या संकेतस्थळाला खात्री पोचली नाही, तरी पाचच. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे त्याच्याकडे दिसले नाहीत, तरीही पाच. मात्र यूपीआय किंवा आयएमपीएसने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम तुमच्याकडून गेली आणि समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर मुदत एकच दिवसाची. दुसऱ्या दिवसाअखेर ती परत यायला हवी. एनईएफटीचा हिशेब निराळा आहे: तिथे उशिरासाठी दिवसाला शंभर नाहीत, रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) अधिक 2 टक्के या दराने व्याज मिळतं.

तक्रार कुठे करायची यात अनेकांची चूक होते. एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार तुमच्या कार्डाच्या बँकेकडेच करायची. ज्या बँकेचं मशीन, तिच्या शाखेत हेलपाटे घालून उपयोग नाही. त्यांच्याकडे तुमचं खातंच नाही, त्यामुळे तक्रार नोंदवून घेण्याची त्यांच्यावर जबाबदारीही येत नाही. अर्जात एटीएमचा क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ आणि पावती किंवा मेसेजमधला संदर्भ क्रमांक द्या. पावती आली नसेल तर मशीनवर चिकटवलेला क्रमांक फोटोत घेऊन ठेवा. बारा आकडी संदर्भ क्रमांक पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये त्या नोंदीसमोर सापडतो.

बँकेचं ठरलेलं उत्तर येतं: "व्यवहार यशस्वी झाल्याचं नोंदीत दिसतं." तिथे थांबू नका. मशीनमध्ये प्रत्येक व्यवहाराची इलेक्ट्रॉनिक नोंद असते, नोटा किती मोजल्या, बाहेर आल्या की परत आत ओढल्या, हे त्यात दिसतं. दिवसाअखेर मशीनमधल्या रोख रकमेचा ताळा होतो आणि जास्तीची रक्कम निघाली तर तीही लिहिली जाते. कॅमेऱ्याचं चित्रणही असतं. अर्जात या तिन्ही गोष्टी मागा: त्या व्यवहाराची मशीनची नोंद, त्या दिवसाचा रोख ताळा, आणि चित्रण जपून ठेवण्याची विनंती. शेवटची सगळ्यात घाईची, कारण चित्रण काही काळच ठेवलेलं असतं. महिने गेल्यावर मागितलं तर "आता उपलब्ध नाही" हे उत्तर खरं असू शकतं.

एक गोष्ट या नियमात बसत नाही आणि लोक ती बसवायला जातात. यूपीआय करताना चुकीचा नंबर टाकला आणि पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात गेले, तर तो फसलेला व्यवहार नव्हे. तो पूर्ण झालेला व्यवहार आहे. बँक समोरच्याला विनंती कळवू शकते, पण त्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून रक्कम काढू शकत नाही. तरीही तक्रार लगेच करा, कारण रक्कम अजून त्याच्या खात्यात पडून असण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. पैसे पाठवण्याआधी ॲपवर दिसणारं नाव वाचणं, एवढाच याचा खात्रीचा उपाय.

व्यवहार तुम्ही केलाच नाही

इथे 6 जुलै 2017 चं परिपत्रक कामाला येतं. सहकारी बँकांसाठी तशाच सूचना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाल्या, त्यामुळे नागरी सहकारी बँकेतल्या खातेदाराने "हे फक्त मोठ्या बँकांना" असं समजू नये. ग्राहकाची जबाबदारी किती, हे तीन गोष्टींवर ठरतं: चूक कुणाची, कळवलं कधी, आणि खातं कुठल्या प्रकारचं.

चूक, हलगर्जीपणा किंवा त्रुटी बँकेची असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तक्रार केली की नाही, हाही प्रश्न इथे येत नाही.

चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी गळती झाली, अशी प्रकरणं बरीच असतात. एखाद्या दुकानाच्या मशीनवर कार्डाची नक्कल होते, किंवा कुठल्या तरी संकेतस्थळावरून कार्डाचा तपशील फुटतो. अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर मर्यादित: मूलभूत बचत खात्यासाठी (किमान शिल्लक न लागणारं साधं खातं) एका व्यवहाराला जास्तीत जास्त 5,000 रुपये, इतर सगळी बचत खाती, प्रीपेड वॉलेट आणि 5 लाखांपर्यंत मर्यादेची क्रेडिट कार्डं यांसाठी 10,000, 5 लाखांवरच्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला आणि मोठ्या चालू खात्यांना 25,000. व्यवहाराची रक्कम यापेक्षा कमी असेल तर तीच मर्यादा. सात दिवसांनंतर मात्र बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं. ते धोरण बँकेने जाहीर केलेलं असायला हवं. संकेतस्थळावर सापडलं नाही तर शाखेकडे लेखी मागा.

हे दिवस कामकाजाचे आहेत, वरच्या एटीएमसारखे कॅलेंडरचे नाहीत. मेसेज मिळाला तो दिवस धरायचा नाही. समजा महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री, शुक्रवारी मेसेज आला. शनिवार-रविवार बँक बंद. मग सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा दिवस. मधल्या मंगळवारी गणेश चतुर्थीची सुट्टी आली तर तिसरा दिवस गुरुवारी पडतो. मात्र सुट्ट्या मोजायच्या त्या तुमच्या मूळ शाखेच्या. नोकरीनिमित्त पुण्यात राहता आणि खातं दिल्लीच्या शाखेत आहे, तर गणेश चतुर्थीला तिथे बँक चालू असते आणि तो दिवस तुमच्या विरुद्ध मोजला जातो. उलट खातं सांगलीचं आणि तुम्ही बंगळुरूत असाल, तर सांगलीच्या सुट्ट्या धरल्या जातील. अर्थात हिशेब मांडत बसण्यापेक्षा मेसेज दिसताक्षणी कळवणं हेच शहाणपणाचं. हिशेब नंतर बँकेने तुमचा दिवस चुकीचा मोजला तर उपयोगी पडतो.

तिसरी परिस्थिती सगळ्यात दुखरी. ओटीपी स्वतःच सांगितला, पिन दिला, कुणाच्या सांगण्यावरून मोबाइलची स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवून घेतलं. हा ग्राहकाचा हलगर्जीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाने सोसायचं. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग लोकांपर्यंत पोचत नाही: कळवल्यानंतर जे नुकसान होईल, ते बँकेचं. 11:10 ला तुम्ही बँकेला फोन करून क्रमांक घेतला आणि 11:25 ला खात्यातून आणखी 40,000 गेले, तर ते 40,000 बँकेने भरायचे. म्हणून लाजेपोटी, घरच्यांना काय सांगू या विचारात तास घालवणं फार महाग पडतं. शिवाय ग्राहकाची चूक असली तरी त्याची जबाबदारी माफ करण्याची मुभा त्याच परिपत्रकात बँकेला दिलेली आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत ही विनंती लेखी जरूर करा. ओटीपी सांगणारा माणूस मूर्ख नसतो. समोरचा दिवसभर तेच काम करत असतो.

आता क्रम. पहिला फोन बँकेला, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर. इंटरनेटवर शोधून मिळालेला "कस्टमर केअर" नंबर लावू नका. भामट्यांनी पसरवलेले नंबर तिथे असतात आणि एकदा फसलेला माणूस दहा मिनिटांत दुसऱ्यांदा फसतो. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय, सगळं बंद करायला सांगा. पण नुसतं कार्ड बंद करणं म्हणजे तक्रार नव्हे. "या व्यवहाराची अनधिकृत व्यवहार म्हणून तक्रार नोंदवा आणि क्रमांक द्या" हे वाक्य वेगळं उच्चारायला हवं. कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला, म्हणजे तक्रार झाली, असं समजून आठ दिवस गप्प बसलेल्यांचे तीन दिवस हातचे जातात.

दुसरा फोन 1930 ला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवूनच फोन लावा. इथून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती गोठवता येते. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने फिरवतात, म्हणून इथे दिवस नव्हे, मिनिटं मोजायची. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरून पोच जपून ठेवा. बँकेला कळवण्यासाठी मात्र एफआयआरची वाट बघू नका. पोलीस ठाण्यात चार दिवस गेले आणि मग बँकेकडे गेलात, तर तुमची तीन दिवसांची मुदत पोलीस ठाण्यातच संपलेली असते.

तिसरं काम, त्याच दिवशी ईमेल. मजकूर लांबवू नका. साधारण असा पुरतो:

"माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार आकडे अमुक) अमुक तारखेला अमुक वाजता अमुक रुपयांचा व्यवहार झाल्याचा मेसेज मला मिळाला. संदर्भ क्रमांक अमुक. हा व्यवहार मी केलेला नाही आणि त्याला माझी संमती नव्हती. मी आजच अमुक वाजता हेल्पलाइनवर तक्रार केली, तिचा क्रमांक अमुक. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ही रक्कम 10 कामकाजाच्या दिवसांत माझ्या खात्यात तात्पुरती जमा करावी आणि तक्रारीचा निकाल 90 दिवसांत कळवावा. मेसेजचा स्क्रीनशॉट आणि स्टेटमेंट सोबत जोडलं आहे."

जे घडलं नाही ते लिहू नका. ओटीपी दिला असेल तर "दिला नाही" असं लिहिण्याने प्रकरण पुढे कोसळतं, कारण बँकेकडे ओटीपी वापरल्याची नोंद असते. काय सांगून ओटीपी घेतला, हे खरं लिहा.

पत्रातला दहा दिवसांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बँकेने चौकशी पूर्ण होण्याची किंवा विम्याचे पैसे येण्याची वाट न बघता, कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा दाखवायची असते, तीही मूळ व्यवहाराच्या तारखेपासून, म्हणजे मधल्या काळाचं व्याज बुडू नये. क्रेडिट कार्ड असेल तर त्या रकमेवर व्याजाचा बोजा पडू नये. ही तात्पुरती जमा आहे. चौकशीत ग्राहकाचा दोष ठरला तर ती परत वजा होऊ शकते, म्हणून तोवर खर्च करू नका. जबाबदारी ठरवून तक्रार निकाली काढायला बँकेला जास्तीत जास्त 90 दिवस. तेवढ्यात जमलं नाही, तर ठरलेली भरपाई ग्राहकाला द्यायची. आणि ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. "ओटीपी वापरला गेला, म्हणजे तुम्हीच दिला" हा बँकेचा तर्क असू शकतो, पुरावा नव्हे. सिमकार्डाची नक्कल काढून ओटीपी दुसरीकडे वळवता येतो. तुमच्या फोनची रेंज त्या वेळी अचानक गेली होती का, ते आठवून लिहा आणि मोबाइल कंपनीकडून नवं सिम कधी दिलं गेलं याची माहिती लेखी मागा.

या सगळ्याचा पाया म्हणजे बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर. तो जुना असेल, गावाकडच्या भावाचा असेल, मुलाच्या फोनचा असेल, तर मेसेज तुमच्यापर्यंत येत नाही. आईवडिलांच्या खात्याला कुठला नंबर जोडलेला आहे, हे या आठवड्यात बघून घ्या.

दिवसावर चालणारे आणखी काही हक्क

हे थोडक्यात, कारण पद्धत तीच: लेखी मागणी, तारीख, पोच.

गृहकर्ज पूर्ण फेडल्यावर घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मिळायला हवीत आणि बोजाही उतरवला जायला हवा. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये. फेडीची पावती मिळाली त्याच दिवशी कागदपत्रं मागणारं पत्र द्या. क्रेडिट कार्ड बंद करायची मागणी केल्यावर, थकबाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाहीतर दिवसाला 500. क्रेडिट अहवालात फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल, तर तक्रार केल्यापासून 30 दिवसांत दुरुस्ती व्हावी, नंतर दिवसाला 100. क्रेडिट माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, तो मागवला तरच अशा चुका दिसतात.

किमान शिल्लक नसल्याचा दंड लावताना बँकेने आधी कळवून एक महिन्याची मुदत द्यायची असते, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात असायला हवा, आणि निव्वळ या दंडामुळे खातं शून्याखाली जाता कामा नये. दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेल्या खात्यावर तर असा दंड लावताच येत नाही, आणि ते पुन्हा चालू करायला शुल्कही नाही. पासबुकात उणे आकडा दिसला तर तो मुकाट्याने भरू नका.

आणि एक ठळक इशारा. हे सगळे नियम बँकांसाठी आहेत. आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्थांना लोक सर्रास "बँक" म्हणतात, पण पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली नाही. तिथल्या ठेवीला 5 लाखांचा ठेव विमा नाही आणि तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी लागते. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीचे पैसे तिथे ठेवताना हा फरक घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवा.

बँकेने ऐकलं नाही तर

बँकेने तक्रार फेटाळली, उत्तराने समाधान झालं नाही, किंवा 30 दिवस उत्तरच आलं नाही, तर लोकपाल. 12 नोव्हेंबर 2021 पासून सगळ्या देशासाठी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. आपला जिल्हा कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत येतो, हे शोधायची गरज उरली नाही. राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आधी या योजनेबाहेर होत्या, नोव्हेंबर 2025 पासून त्याही आत आल्या. जिल्हा बँकेत पगाराचं किंवा पीककर्जाचं खातं असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करता येते. मोबाइलवर ओटीपी येतो, बँक निवडायची, बँकेकडे पहिली तक्रार कधी केली ती तारीख भरायची आणि तिची प्रत जोडायची. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडला सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय तक्रार स्वीकृती केंद्राकडे सहीचा अर्ज टपालाने पाठवता येतो, पिनकोड 160017. काही अडलं तर 14448 हा टोल-फ्री क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. शुल्क काहीच नाही. कुणी "लोकपालाकडे केस टाकून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. ज्येष्ठांच्या वतीने मुलगा किंवा मुलगी प्रतिनिधी म्हणून तक्रार करू शकते, मात्र वकिलामार्फत केलेली तक्रार चालत नाही.

तक्रारी गुणवत्तेपर्यंत न पोचता परत येतात, त्याची कारणं ठरलेली आहेत. बँकेकडे आधी लेखी तक्रारच केलेली नाही. केली आहे, पण 30 दिवस व्हायच्या आत लोकपालाकडे धाव घेतली. बँकेच्या उत्तरानंतर एक वर्ष उलटून गेलं. उत्तर आलंच नसेल तर मुदत पहिल्या तक्रारीपासून एक वर्ष आणि 30 दिवस. त्याच विषयावर न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू आहे. किंवा विषयच बँकेच्या व्यावसायिक निर्णयाचा आहे, जसं की कर्ज नाकारलं. म्हणून लोकपाल आणि ग्राहक आयोग असे दोन्ही दरवाजे एकदम ठोठावू नका. आधी लोकपाल, तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक आयोग. पण आयोगाची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, ती या फेऱ्यांत संपू देऊ नका.

अर्जात रक्कम दोन भागांत मागा. पहिली, प्रत्यक्ष नुकसान आणि त्यावरची ठरलेली भरपाई, आकड्यात, तारखांच्या हिशेबासह. दुसरी, गेलेला वेळ, झालेला खर्च आणि मनस्ताप यांसाठी. 2021 च्या योजनेने वादातल्या मूळ रकमेला मर्यादा घातली नाही; तिच्यामुळे झालेल्या पुढच्या नुकसानीच्या भरपाईला 20 लाखांची आणि दुसऱ्या मागणीला 1 लाखाची मर्यादा घातली. दुसरी मागणी लोक संकोचाने लिहीतच नाहीत. रजा टाकून शाखेत गेलेले दिवस, रिक्षा-बसचं भाडं, झेरॉक्स, हे सगळं तारीखवार मांडा.

बरीच प्रकरणं मधेच तडजोडीने मिटतात. लोकपालाचं पत्र गेल्यावर बँकेला 15 दिवसांत आपलं म्हणणं मांडावं लागतं, आणि याच टप्प्यावर शाखेतून फोन येतो: "पैसे जमा करतो, तक्रार मागे घ्या." आधी रक्कम खात्यात आलेली बघा, दिवसाच्या शंभर रुपयांच्या भरपाईसह पूर्ण आहे का ते मोजा, आणि मगच मागे घेण्याची सही करा. तडजोड झाली नाही आणि निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर तो हातात पडल्यापासून 30 दिवसांत "मला हा निवाडा पूर्णपणे मान्य आहे" असं स्वीकृतीपत्र बँकेला द्यावं लागतं. ते दिलं नाही तर जिंकलेला निवाडाही रद्दबातल होतो. त्या पत्राचीही पोच घ्या.